चांदमारीची मैदाने, मावळ–लोणावळा परिसरातील

चांदमारीची मैदाने : बंदूक, रायफल किंवा पिस्तूल यांनी ठराविक अंतरावरील लक्ष्यावर नेम धरून गोळी झाडण्याच्या सरावासाठी वा स्पर्धेसाठी राखून ठेवलेली आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने बांधून काढलेली उघडी जागा. लक्ष्यफलकाच्या मध्यभागी असलेल्या गोल खुणेस ‘चांद’ म्हणत. त्यावरून या सरावास व पुढे सरावाच्या जागेसही चांदमारी हे नाव मिळाले. लष्कर व पोलीस यांच्या व्यवहारात हा शब्द रूढ आहे. खेळ म्हणून केल्या जाणाऱ्या सरावास नेमबाजी म्हणतात. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका मुंबई व पुणे या शहरांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेला आहे. लोणावळ्यासारखे गिरिस्थान, लष्करी व निमलष्करी संस्था, किल्ले, लेणी, धरणे आणि दाट होत चाललेली वस्ती ही सर्व येथे एकमेकांच्या शेजारी आहेत. त्यामुळे हौशी नेमबाजाने मैदान कोठे शोधावे, आणि वाटसरू, गुराखी वा पर्यटक यांनी गोळीबाराच्या क्षेत्रापासून आपला बचाव कसा करावा, हे दोन्ही प्रश्न या भागात उद्‌भवतात. दोहोंचे उत्तर मैदानाच्या रचनेत आहे : चांदमारीचे मैदान म्हणजे केवळ लक्ष्य लावण्याची जागा नव्हे, तर चुकलेली गोळी कोठे थांबेल याची निश्चिती करून ठेवलेली जागा होय.

इतिहास : गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीचा नेम सु. १०० मी. पलीकडे भरवशाचा नसे. त्यामुळे तिच्या सरावासाठी मोठ्या मैदानाची गरज भासत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नळीत आटे पाडलेल्या रायफली सैन्यात सरसकट आल्या व कित्येक शे मीटरांवरील लक्ष्य वेधणे सामान्य सैनिकासही शक्य झाले. त्याबरोबर नेमबाजीचे पद्धतशीर शिक्षण देणे आवश्यक ठरले. इंग्लंडमध्ये हाइद येथे १८५३ मध्ये त्यासाठी लष्करी शाळा निघाली. १८५९ मध्ये तेथील राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि १८९० पासून तिच्या स्पर्धा बिझ्ली येथील विस्तीर्ण मैदानावर भरू लागल्या. हिंदुस्थानातील इंग्रजी छावण्यांच्या कडेलाही याच काळात चांदमारीची मैदाने आखली गेली. छावणी गावाबाहेर आणि चांदमारी छावणीबाहेर, अशी त्यांची मांडणी असे. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. लहान शस्त्रांची काडतुसे बनविणारा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे.

नेमबाजीस ऑलिंपिक क्रीडासामन्यांत १८९६ मधील पहिल्या अथेन्स स्पर्धेपासून स्थान मिळाले. भारतात १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजीच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पूर्वी नेमबाजीचा शिकारीशी निकटचा संबंध होता. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस आळा बसल्यावर बंदुकीच्या हौशी उपयोगाला मैदानाखेरीज दुसरी रीतसर जागा उरली नाही. म्हणूनच उघड्या मैदानांचे महत्त्व वाढले.

रचना : मैदानाचे तीन मुख्य भाग असतात. नेमबाज जेथे उभा राहतो, गुडघ्यावर बसतो वा पालथा पडतो ती गोळीबाराची रेषा. लक्ष्यफलक लावलेली लक्ष्यरेषा. आणि लक्ष्यामागील मातीचा उंच बांध. या बांधास लष्करी परिभाषेत ‘बट’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या लांब मैदानांवर लक्ष्याखाली खंदक असतो. त्यात बसलेले लोक फलक वर-खाली करतात आणि गोळी कोठे लागली ते खुणेने कळवितात. आधुनिक मैदानांवर हे काम इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये करतात. दोन्ही बाजूंस भिंती किंवा मातीचे वरंबे असतात. नेम वर गेला तरी गोळी आवाराबाहेर जाऊ नये म्हणून कित्येक मैदानांवर लक्ष्याच्या वाटेवर आडव्या आडभिंती अधांतरी बसवितात.

बांध इतका भक्कम का असावा लागतो, हे गोळीच्या पल्ल्यावरून कळते. स्पर्धेत वापरली जाणारी ०·२२ इंची रायफल लहान समजली जाते व तिचे लक्ष्य ५० मी. वर असते, तथापि तिची गोळी अडथळा नसल्यास सु. १·५ किमी. जाऊ शकते. लष्करी ७·६२ मिमी. रायफलीच्या गोळीचा महत्तम पल्ला ३ किमी.हून अधिक आहे. हवेचा रोध नसता, तर ४५° कोनात झाडलेली गोळी सर्वांत दूर गेली असती. प्रत्यक्षात रोधामुळे हा कोन सु. ३०° ते ३५° इतकाच भरतो. म्हणजे नळी थोडीफार उचलली गेली तरी गोळी फार दूर जाते. लक्ष्यामागे डोळ्यांना दिसणारे रान मोकळे आहे, एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

मावळच्या भूरचनेच्या संदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा प्रदेश बेसाल्ट खडकाचा असून डोंगरउतारांवर ठिकठिकाणी काळा कातळ उघडा पडलेला आहे. डोंगराची भिंत हा गोळी अडविण्याचा आयता बांध आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण कठीण कातळावर तिरपी आदळलेली गोळी, किंवा तिचा तुकडा, दिशा बदलून उसळतो. त्याची नवी दिशा आधी सांगता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरूनही गोळी अशीच उसळते. पवना, वळवण, शिरोता यांसारख्या जलाशयांच्या काठी हा धोका ध्यानात घ्यावा लागतो. म्हणून बांधाचा दर्शनी थर दगडगोटे चाळून काढलेल्या मऊ मातीचा किंवा वाळूचा करतात आणि गोळ्यांनी पडलेले खळगे वरचेवर भरून काढतात. मातीत साठणारे शिसे विषारी असल्याने ते वेळोवेळी चाळून काढणे व पावसाचे पाणी त्यातून ओढ्यात जाऊ न देणे हाही देखभालीचा भाग आहे. ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या लोणावळ्याच्या परिसरात मातीचा बांध टिकविणे हे कष्टाचे काम होय. पावसाळ्यात धुक्यामुळे लक्ष्यही दिसेनासे होते. त्यामुळे या पट्ट्यात उघड्या मैदानाचा खरा हंगाम पावसाळ्यानंतरच सुरू होतो.

उघड्या मैदानाचे तोंड शक्यतो असे ठेवतात, की सूर्य दिवसातील बहुतेक वेळ नेमबाजाच्या पाठीशी राहावा. भारतात त्यासाठी उत्तराभिमुख रचना सोयीची ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मी. मैदानाचा किमान ४५ मी. भाग आणि २५ मी. मैदानाचा किमान १२·५ मी. भाग उघड्या आकाशाखाली असावा लागतो. वारा हा या खेळाचाच एक घटक मानला जातो. नेमबाजास वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून ५० मी. मैदानावर लहान निशाणे लावलेली असतात. घाटमाथ्यावरील दऱ्यांतून उलटसुलट वाहणाऱ्या वाऱ्यात हा अंदाज घेणे विशेष अवघड असते.

प्रकार : लक्ष्याचे अंतर व शस्त्र यांवरून मैदानांचे प्रकार पडतात. (१) १० मी. : ४·५ मिमी. व्यासाच्या हवाई रायफली व पिस्तुले यांसाठी. याचा सराव बहुधा बंदिस्त दालनात होतो. हवाई रायफलीच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका केवळ ०·५ मिमी. व्यासाचा असतो. (२) २५ मी. : पिस्तुलासाठी. (३) ५० मी. : ०·२२ इंची रायफलीसाठी, येथे दहा गुणांचे वर्तुळ १०·४ मिमी. व्यासाचे असते. गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभ्याने अशा तीन अवस्थांत गोळ्या झाडण्याची स्पर्धा याच अंतरावर होते. (४) ३०० मी. : मोठ्या रायफलीसाठी. (५) ट्रॅप व स्कीट : यंत्राने हवेत फेकलेल्या ११० मिमी. व्यासाच्या तबकड्या बारा बोअरच्या बंदुकीने फोडण्याचा प्रकार. यात बारीक छऱ्यांचा मारा वर आकाशाकडे होत असल्याने मागे बांध घालून भागत नाही; समोर काहीशे मीटर निर्मनुष्य जमीन लागते. म्हणून ट्रॅपची मैदाने सर्वांत विरळ आढळतात. (६) लष्करी युद्धसरावाची मैदाने : यांत तोफा, उखळी तोफा व रणगाडे यांचाही मारा होतो व त्यांचे क्षेत्र अनेक गावांच्या शिवारांवर पसरलेले असू शकते.

मावळ परिसरातील सोयी : लोणावळ्यात १९४५ मध्ये स्थापन झालेले ‘शिवाजी’ हे नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षणकेंद्र आहे. तळेगाव दाभाडे येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र, सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आणि तालुक्याच्या पूर्व सीमेलगत देहूरोडचे कटकक्षेत्र व तेथील लष्करी भांडार आहे. अशा संस्थांच्या आवारात गोळीबाराच्या सरावाची सोय असली, तरी ती त्या त्या दलाच्या जवानांपुरती असते. सर्वसामान्य नागरिकास तेथे प्रवेश नसतो. गोळीबाराचा आवाज ऐकू येणे म्हणजे जवळपास सार्वजनिक मैदान असणे नव्हे.

मावळातील हौशी नेमबाजास उपयोगी पडणारे मोठे नागरी मैदान पुण्याच्या पश्चिम सीमेवर म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आहे. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आले व २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा तेथे भरल्या. येथे १०, २५ व ५० मी. या तिन्ही अंतरांवरील सरावाची सोय आहे. लोणावळ्यापासून हे ठिकाण सु. ५० किमी. असून मुंबई–बंगळूर महामार्गालगत असल्याने मावळातून तेथे पोहोचणे सोपे आहे. मुंबईत वरळी येथे महाराष्ट्र रायफल संघटनेचे जुने मैदान आहे. घाटाखाली पनवेल येथे ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी चालविलेले हवाई रायफलीचे प्रशिक्षणकेंद्र आहे. ते बंदिस्त स्वरूपाचे आहे.

या मैदानांनी घडविलेल्या नेमबाजांची परंपरा मोठी आहे. वरळीच्या मैदानावरून अंजली भागवत यांची कारकीर्द घडली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. रायफल प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज होत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी बालेवाडीच्या मैदानावर दीर्घकाळ सराव केला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन अवस्था प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सावंत, सरनोबत व कुसाळे यांचे हे यश उघड्या मैदानावरील प्रकारांतील आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. बंदिस्त दालन लहान जागेत उभारता येते. ५० मीटरच्या मैदानाला मात्र जमीन लागते आणि शहरालगत तीच दुर्मिळ होत आहे.

कायदेशीर तरतुदी : भारतात अग्निशस्त्र बाळगणे व वापरणे यांचे नियमन १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे शस्त्र नियम यांन्वये होते. अग्निशस्त्रासाठी परवाना आवश्यक असतो व तो मिळण्यास सामान्यतः वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मान्यताप्राप्त रायफल संघाच्या सदस्यास लक्ष्यवेधाच्या सरावासाठी ०·२२ इंची रायफलीचा परवाना देण्याची तरतूद अधिनियमात आहे. लहान वयाच्या शिकाऊ नेमबाजांस संघाच्या देखरेखीखाली शस्त्र हाताळता येते. ठराविक शक्तीच्या आतील हवाई बंदुकांस परवाना लागत नाही; नवशिक्याने हवाई रायफलीपासून आरंभ करण्याचे हेही एक कारण आहे.

परवाना देणारा अधिकारी अर्जदाराच्या राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून असतो. मावळ तालुका या बाबतीत विभागलेला आहे. लोणावळा, कामशेत व वडगाव हा भाग पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तेथील अर्जदारास जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जावे लागते. तळेगाव दाभाडे व देहूरोड हा भाग २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो व तेथे हा अधिकार पोलीस आयुक्तांस आहे.

परवाना म्हणजे कोठेही गोळी झाडण्याची मुभा नव्हे. स्वतःच्या मालकीचे शेत, बंगल्याचे आवार किंवा डोंगरातील पडीक जमीन यांवर बाटल्या मांडून केलेला सराव मैदानाच्या व्याख्येत बसत नाही. मागे बांध नसल्यास त्यातील प्रत्येक चुकलेली गोळी परक्याच्या जमिनीत जाते. लग्नसमारंभ वा उत्सवप्रसंगी हवेत बार काढून इतरांचे जीवित धोक्यात आणणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मैदानाचा शोध व भेट : योग्य मैदान शोधण्याचा मार्ग शस्त्राच्या दुकानातून नव्हे, तर संघटनेतून जातो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचे कार्यालय, जिल्हा व राज्य रायफल संघटना किंवा एखादा संलग्न क्लब यांच्याकडे मैदानाचे नियम, सरावाचे वार व प्रशिक्षक यांची माहिती मिळते. नवागताने प्रथम शस्त्राविना जाऊन मैदान पाहावे, हे उत्तम. पाहताना काही गोष्टी तपासाव्यात : लक्ष्यामागील बांध अखंड आहे काय, गोळीबार चालू असताना लाल निशाण वा दिवा लावतात काय, सर्वांवर हुकूम चालविणारा एक जबाबदार अधिकारी रेषेवर हजर असतो काय, आणि नवशिक्यास शस्त्र हाती देण्यापूर्वी शिकवितात काय. ज्या मैदानावर या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नाहीत, ते टाळणे श्रेयस्कर.

मैदानावरील शिस्त जगभर जवळजवळ सारखीच आहे. शस्त्र पेटीत बंद करून व रिकामे करून आणतात. पेटी उघडल्यापासून नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेस ठेवतात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून ते हाताळतात. नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर ठेवत नाहीत. काडतूस भरणे, गोळीबार सुरू करणे, थांबविणे व शस्त्र रिकामे करणे ही चारही कामे केवळ हुकुमानेच होतात. ‘थांबा’ हा हुकूम मात्र धोका दिसल्यास मैदानावरील कोणीही देऊ शकतो. शस्त्र रिकामे असल्याची खूण म्हणून कोठीत रंगीत दोरी किंवा दांडी घालतात. लक्ष्यापर्यंत कोणी चालत गेलेले असताना रेषेवरील शस्त्रास हात लावणे हा सर्वांत गंभीर प्रमाद मानला जातो. कानांस संरक्षक टोपणे लावणे नेमबाजाप्रमाणेच प्रेक्षकासही आवश्यक आहे, कारण गोळीच्या आवाजाने झालेली श्रवणहानी भरून येत नाही. डोळ्यांस चष्मा लावावा आणि शिशाच्या काडतुसांना हात लागल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊपिऊ नये.

जत्रेत किंवा पर्यटनस्थळी फुगे फोडण्यासाठी ठेवलेली हवाई बंदूक हे खेळणे वाटते. पण तिचा छरा डोळा निकामी करण्यास पुरेसा असतो. फळ्यामागे जाड पडदा आहे व त्यामागून रस्ता नाही, एवढे पाहूनच मुलांच्या हाती ती द्यावी.

लष्करी मैदाने व नागरिक : लष्करी युद्धसरावाच्या मैदानांसाठी १९३८ चा युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना-सराव अधिनियम लागू आहे. त्यानुसार शासन अधिसूचनेने क्षेत्र ठरविते, गोळीबाराच्या काळात त्यातील भाग धोक्याचे क्षेत्र म्हणून घोषित होतो, लोकांस तेथून दूर ठेवता येते आणि झालेल्या हानीबद्दल भरपाई देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील अशा मैदानांपैकी नासिकजवळील देवळालीचे क्षेत्र तोफखाना विद्यालयामुळे, तर अहिल्यानगरजवळील खारे कर्जुने येथील क्षेत्र रणगाडा दलाच्या सरावामुळे प्रसिद्ध आहे. खारे कर्जुन्याचे क्षेत्र नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनींशी निगडित असल्याने तेथे भूमीचा प्रश्न अनेक वर्षे धुमसत राहिला आहे. अशा क्षेत्रांत न फुटलेले गोळे मातीत रुतून राहतात आणि भंगार म्हणून ते गोळा करण्याच्या प्रयत्नात माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत.

मावळात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची यांसारख्या किल्ल्यांवर आणि आडवाटांवर भटकंती करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी लष्करी हद्दीच्या फलकाजवळ वा तारेच्या कुंपणाजवळ वाट सोडून आत शिरू नये. लाल निशाण दिसल्यास मागे फिरावे. पावसाने उघडी पडलेली संशयास्पद धातूची वस्तू उचलू वा हलवू नये, तर जागा लक्षात ठेवून पोलिसांस कळवावे. लष्करी आवाराची छायाचित्रे घेण्यास मनाई असते. स्थानिक गुराख्यांस धोक्याच्या जागा बहुधा ठाऊक असतात. बाहेरून आलेल्याने त्यांचा सल्ला मानावा.

समस्या : चांदमारीची बहुतेक मैदाने ज्या काळी आखली गेली, त्या काळी त्यांच्यामागे रान होते. द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती व गृहसंकुले यांमुळे पुणे ते लोणावळा हा पट्टा झपाट्याने भरत आला आहे. मैदान जागचे हलत नाही, वस्ती मात्र त्याच्या मागील बाजूस सरकत येते. आणि एका पिढीपूर्वी पुरेसे असलेले सुरक्षित अंतर पुढील पिढीत अपुरे पडते. यावर बांध उंच करणे, आडभिंती बसविणे, मैदानास छत घालून ते बंदिस्त करणे किंवा ते दूर हलविणे एवढेच उपाय आहेत व ते सर्वच खर्चिक आहेत. त्याहून कमी खर्चाचा उपाय म्हणजे विकास आराखड्यात मैदानामागील जमिनीची नोंद आधीच करून तेथे निवासी बांधकामास परवानगी न देणे हा होय. नेमबाजास सरावाची जागा व शेजाऱ्यास निर्भय अंगण या दोन्ही गोष्टी त्या एका नोंदीवर अवलंबून असतात.